सात दिवसांत नऊ कॉलेजे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलीची अकरावी जूनमध्ये संपली आणि सप्टेंबरपासून ती बारावीत जाईल. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यजमानांनी सात दिवसांत नऊ कॉलेजे बघण्याचा कार्यक्रम आखला आहे : फिलाडेल्फिया, मग पिट्सबर्ग, इथाका, बॉस्टन आणि परत. सांगलीहून आलेले सासू-सासरेही गाडीत असतील, कारण आठवडाभर त्यांना घरी एकटे ठेवता येणार नाही. मुलगी म्हणते, "सगळी कॉलेजे सारखीच असतात, मी येणार नाही." एप्रिलच्या सुटीत एक कॉलेज पाहिले होते. तेथे यजमानांनी टूर देणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर नोकऱ्या आणि पगारांबद्दल सहा-सात प्रश्न विचारले. मुलगी घोळक्यापासून वीस पावले मागे राहिली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. यजमानांना तिने कॉम्प्युटर सायन्स घ्यावे असे वाटते, तिला जीवशास्त्र आवडते आणि ती चित्रे चांगली काढते. तिला जबरदस्तीने न्यावे का? उन्हाळ्यात रिकामे कॅम्पस बघून काय कळणार? आणि गेलो नाही तर प्रवेशावर परिणाम होतो का?
– एक आई, एडिसन

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यामागची भीती दूर झाली की बाकीच्या दोन प्रश्नांकडे शांतपणे बघता येईल. प्रत्यक्ष भेट दिली नाही म्हणून प्रवेश हुकतो, ही समजूत आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेइतक्याच नेमाने फिरत असते आणि ती अर्धवट खरी आहे. काही खाजगी कॉलेजे अर्जदार आपल्याकडे खरोखर येईल का याचा अंदाज घेतात आणि त्यासाठी भेट, ऑनलाइन माहितीसत्र, ईमेलला दिलेला प्रतिसाद अशा गोष्टींची नोंद ठेवतात. हार्वर्ड, एमआयटी किंवा कॅलिफोर्नियाचे सरकारी विद्यापीठ मात्र ही गोष्ट विचारातच घेत नाही. कोणते कॉलेज काय करते याचा तर्क लढवण्याचीही गरज नाही. बहुतेक कॉलेजे दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा ठरावीक नमुन्यातला तक्ता प्रसिद्ध करतात आणि त्याच्या सी-७ या भागात गुण, निबंध, शिफारसपत्रे यांच्याबरोबरच 'अर्जदाराने दाखवलेला रस' या बाबीला किती महत्त्व दिले जाते ते लिहिलेले असते. जेथे महत्त्व दिले जाते तेथेही लांबच्या विद्यार्थ्याने ऑनलाइन सत्राला स्वतःच्या नावाने हजेरी लावली तर तेवढ्यावर सहसा भागते. तेव्हा केवळ हजेरी लावण्यासाठी पिट्सबर्ग गाठण्याची गरज नाही.

आता त्या सात दिवसांच्या कार्यक्रमाकडे वळू. तुम्ही लिहिलेला मार्ग गाडीने सुमारे १,२०० मैलांचा होतो, म्हणजे वीस तासांहून अधिक वेळ नुसता रस्त्यावर जाणार. प्रत्येक ठिकाणी माहितीसत्राचा एक तास आणि पायी फिरण्याचा सव्वा ते दीड तास धरा. त्यात पार्किंग शोधणे, जेवण आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना लागणारा अवधी मिळवला की एका कॉलेजला अर्धा दिवस जातो. तुमच्या यजमानांनी हे गणित निश्चितच केले असेल आणि ते कागदावर बसतही असेल. बसणार नाही ते मुलीच्या डोक्यात. चौथ्या कॉलेजनंतर कोणते ग्रंथालय कोठे पाहिले हे सांगता येत नाही आणि सहाव्यानंतर ते आठवावे असेही वाटत नाही. हे मी अनुभवाने सांगते, कारण माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी आम्ही पाच दिवसांत सात कॉलेजे 'केली' होती, जशी काही मंडळी अष्टविनायक दोन दिवसांत करतात.

त्या प्रवासातली माझी खरी चूक मात्र वेगाची नव्हती. एका लहानशा कॉलेजच्या हिरवळीवर उभी असताना मी अगदी मनापासून म्हणाले, "किती सुंदर आहे! मला तर इथेच राहावेसे वाटते." मुलगा "हो" म्हणाला. त्याने तेथे अर्ज केला, प्रवेश मिळाला, गेलाही, आणि दुसऱ्या वर्षी दुसरीकडे बदली करून घेतली. पुढे कितीतरी दिवसांनी त्याने सांगितले की त्या दिवशी त्याला तेथे जीव गुदमरल्यासारखे झाले होते, पण माझा चेहरा बघून त्याला ते बोलता आले नाही. त्यात कॉलेजचा काही दोष नव्हता. मी त्याच्या आधी बोलले, एवढेच घडले होते.

म्हणून तुमची मुलगी गप्प राहिली याची मला तुमच्याइतकी काळजी वाटत नाही. वीस पावले मागे राहून तिने बहुधा तुमच्यापेक्षा अधिक पाहिले असेल. 'सगळी सारखीच असतात' हे तिचे मतही उडवून लावण्यासारखे नाही, कारण टूर खरोखरच सारख्या असतात. एक हसतमुख विद्यार्थी उलटे चालत सर्वांना नेतो, शेकडो क्लब असल्याचे सांगतो, संकटात बटण दाबायचा निळ्या दिव्याचा खांब दाखवतो, कोणत्या तरी पुतळ्याला हात लावला की परीक्षा चांगली जाते म्हणतो आणि ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर फोटो काढायला वेळ देतो. त्या निळ्या दिव्यावरून सुरक्षिततेची कल्पना येत नाही. १९९० सालच्या क्लेरी कायद्यानुसार कॅम्पसवरील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल कॉलेजला प्रसिद्ध करावाच लागतो, तो घरी बसून वाचावा. टूर हा कॉलेजने स्वतःचा मांडलेला दाखवण्याचा कार्यक्रम आहे. त्यावरून शिक्षणाचा दर्जा ठरत नाही आणि तो ठरवायला जाऊही नये. अशा जागी आपल्याला राहवेल का, एवढेच तेथे गेल्यावर कळते, आणि ते ज्याला राहायचे आहे त्यालाच कळते.

यासाठी नऊ नको, चार पुरेत, आणि ती नावाने न निवडता प्रकाराने निवडावीत : एक अवाढव्य सरकारी, एक लहान, एक शहराच्या मध्यभागी असलेले आणि एक घरापासून लांब, आडगावातले. लहान जागा तिला मानवते की मोठी, हे एकदा समजले की यादीतली निम्मी नावे आपोआप गळतात.

पहिली भेट रटगर्सला द्या. "ते तर आपल्याला माहीतच आहे" असे तुमच्या घरात तिघेही म्हणतील, पण रूट १८ वरून जाता-येता दिसणाऱ्या इमारती म्हणजे रटगर्स नव्हे. १७६६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या न्यू ब्रन्सविक शाखेत पदवीचे विद्यार्थीच ३५,००० हून अधिक आहेत. शिवाय कॉलेज अव्हेन्यू, बुश, लिव्हिंगस्टन आणि कूक-डग्लस असे वेगवेगळे भाग रॅरिटन नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहेत. तेथील विद्यार्थ्याचा दिवस बसच्या वेळापत्रकावर चालतो. म्हणून अधिकृत टूर संपल्यावर मुलीने एका भागातून दुसऱ्या भागात बसने एक फेरी मारावी, आणि शक्यतो एकटीने. जीवशास्त्राची आवड असेल तर कूकच्या बाजूची शेते आणि जनावरांचे गोठेही बघून यावे. घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर असल्याने हा सराव स्वस्तात होतो आणि फसला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

शहरासाठी फिलाडेल्फिया ठीक आहे. पेन (पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ) आणि ड्रेक्सेल ही विद्यापीठे एकमेकांना लागून आहेत आणि ड्रेक्सेलमध्ये काही महिने वर्ग, काही महिने प्रत्यक्ष नोकरी अशी को-ऑप पद्धत असल्यामुळे यजमानांच्या प्रश्नांना तेथे मुलीला न लाजवता उत्तर मिळेल. लांबच्या ठिकाणासाठी इथाका ठेवा, बॉस्टन आणि पिट्सबर्ग तूर्त गाळा. तेथील कॉर्नेल विद्यापीठाचा चढ भर थंडीत कसा असतो हे ऑगस्टमध्ये कळणार नाही, पण चढ किती आहे हे पायांना कळेल, आणि घरापासून चार तास दूर, अधेमधे एकही मोठे शहर नसताना राहायचे म्हणजे काय हेही समजेल. समोरच्या टेकडीवर इथाका कॉलेज हे वेगळे, लहान कॉलेज आहे, तेव्हा दोन अगदी भिन्न जागा एका मुक्कामात बघता येतात. आणि तेथे गेलात तर कॉर्नेलच्या पक्षिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिला अवश्य सोडा. तेथील एक अख्खी भिंत जगभरच्या पक्ष्यांच्या कुळांनी रंगवलेली आहे. जीवशास्त्र आवडणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या मुलीला त्या भिंतीपुढे काही सांगावे लागणार नाही.

लहान कॉलेजसाठी मी हडसन नदीकाठच्या पकिप्सी गावातले व्हासर सुचवते आणि त्यात माझा थोडा स्वार्थ आहे. सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांचे हे कॉलेज १८६१ साली मुलींसाठी स्थापन झाले आणि १९६९ पासून तेथे मुलगेही शिकू लागले. पण त्याच गावाच्या स्मशानभूमीत आनंदीबाई जोशींच्या अस्थींचे स्मारक आहे. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई पती गोपाळरावांना मागे ठेवून बोटीने या देशात आल्या आणि तुमच्या घराजवळच्याच रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी पाठवलेल्या त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. सांगलीहून आलेल्या आजी-आजोबांना हे ठिकाण दाखवण्यासारखे आहे. त्यांना घेऊन तुम्ही दोघे तिकडे जा आणि तेवढ्या वेळात मुलीला व्हासरची टूर एकटीने घेऊ द्या. अडीच तास ती आई-वडिलांशिवाय त्या घोळक्यात असेल, हवे ते विचारील किंवा काहीच विचारणार नाही. फक्त आनंदीबाईंचे उदाहरण तिला गाडीत ऐकवू नका. तो मोह मला झाला असता म्हणून सांगते.

उन्हाळ्यात काय कळते, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की माणसे कळत नाहीत, जागा कळते. रविवारी रात्री डॉर्ममध्ये किती गोंगाट असतो, प्राध्यापक विद्यार्थ्यांशी कसे बोलतात, डायनिंग हॉलमध्ये कोण कोणाबरोबर बसते, यातले काहीच ऑगस्टमध्ये दिसणार नाही. दिसते ते एवढेच की गावात पायी जाता येते का, औषधाचे दुकान किती लांब आहे, गाडीशिवाय घरी कसे परतायचे. ही माहिती कमी नाही, पण तीवरून शेवटचा निर्णय करू नये. तो निर्णय करण्याची वेळ पुढच्या एप्रिलची आहे. प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी कॉलेजे तेव्हा खास दिवस ठेवतात, वर्ग चालू असतात, आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. खर्चिक आणि लांबचा प्रवास करायचाच असेल तर त्या दोन-तीन आठवड्यांसाठी राखून ठेवावा, कारण तेव्हा नावे नऊ नसतात, दोन असतात.

यजमानांचा उत्साह मात्र वाया जाऊ देऊ नका. ज्या माणसाला सात दिवसांचा तक्ता करता येतो त्याच्यासाठी एक फार महत्त्वाचे काम पडलेले आहे, आणि ते गाडीत बसण्याआधी व्हायला हवे. ते काम पैशांचे आहे. संघराज्याच्या कायद्याने २०११ पासून जवळजवळ प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवावा लागतो. त्यात कुटुंबाचे उत्पन्न आणि बचत भरली की मदत वजा जाऊन त्या कुटुंबाला साधारण किती भरावे लागेल याचा अंदाज मिळतो. नामवंत खाजगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट छापील खर्च आता वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपास गेला आहे आणि न्यू जर्सीच्या रहिवाशाला रटगर्स त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात पडते. छापील आकडा आणि तुमचा आकडा यांत किती अंतर आहे, हे प्रत्येक कॉलेजसाठी वेगळे निघते. 'पोरगी हुशार आहे, स्कॉलरशिप मिळेलच' असे आपल्याकडे फार बोलले जाते, पण कॉर्नेल, पेन आणि 'आयव्ही लीग' या जुन्या नामवंत गटातली बाकीची सहा विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यांची मदत केवळ आर्थिक गरज बघून ठरते, आणि दोघे नोकरी करणाऱ्या घराला ती अनेकदा नगण्य मिळते.

हा हिशेब झाल्यावर तुम्ही दोघांनी बसून वर्षाला किती देऊ शकता, तो आकडा मुलीला स्पष्ट सांगावा. आपल्या घरांत मुलांपासून पैसा लपवण्याची रीत आहे, आणि ती मायेपोटी असते हे मी जाणते. परंतु आधी कॉलेज दाखवायचे, तिचा जीव त्यात गुंतू द्यायचा आणि एप्रिलमध्ये "झेपणार नाही" म्हणायचे, यात माया उरत नाही. शिवाय 'अर्ली डिसिजन'चा, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करण्याचा, प्रश्न आहेच. त्या मार्गाने प्रवेश मिळाला तर जाणे बंधनकारक मानले जाते आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या सुमारास संपते. ऑगस्टच्या सहलीत एखादे कॉलेज आवडले म्हणून दोन महिन्यांत तेथे शब्द देऊन बसणे, तेही बाकीच्यांच्या मदतीचे आकडे हातात न येता, ही गोष्ट आकडा आधी ठरलेला असेल तरच करावी.

प्रश्न विचारण्याचीही वाटणी करता येईल. टूर देणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असतो. त्याला पगाराचे आकडे विचारण्यात अर्थ नाही, पण "काल संध्याकाळी काय केलेस?" असे मुलीने विचारले तर तो खरे उत्तर देईल. यजमानांनी आपले प्रश्न टूर संपल्यावर ॲडमिशन ऑफिसात, मुलगी बाहेर असताना विचारावेत : चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणारे किती, कारण जाहिरातीतला आकडा पुष्कळदा सहा वर्षांचा असतो, पहिल्या वर्षीची मदत चारही वर्षे टिकते का, आणि जीवशास्त्रासाठी आत आलेल्या विद्यार्थ्याला नंतर कॉम्प्युटर सायन्सकडे वळता येते का. हा शेवटचा प्रश्न तुमच्या घरासाठी मोलाचा आहे. अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्सची दारे आत गेल्यावर सहज उघडत नाहीत, तर कित्येक लहान कॉलेजांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत विषय जाहीर करण्याचेही बंधन नसते. वडील आणि मुलगी यांच्यातला वाद कोठे चिघळेल आणि कोठे दोन वर्षे लांबणीवर टाकता येईल, हे त्या उत्तरावरून कळेल.

यजमानांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. १९७४ सालच्या कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात गेला की त्याच्या गुणपत्रकांवरचा हक्क आई-वडिलांकडून त्याच्याकडे जातो. फी तुम्ही भरत असलात तरी मुलीच्या परवानगीशिवाय तिचे गुण तुम्हाला कळवण्यास कॉलेज बांधील नसते. वर्षभराने तिने आपणहून फोन करून "एका विषयात अडले आहे" असे सांगावे, अशी इच्छा असेल तर त्या बोलण्याची सवय या गाडीतच लागायला हवी.

तेव्हा जबरदस्ती नको, पण सारे तिच्या मर्जीवर सोडून देणेही नको. चारपैकी दोन ठिकाणे तुम्ही ठरवा, दोन तिला ठरवू द्या, आणि माझी नावे तिने बदलली तर खुशाल बदलू द्या. नावनोंदणी तिने स्वतःच्या ईमेलवरून करावी. ऑगस्टमधल्या टूरच्या जागा लवकर भरतात, म्हणून हे याच आठवड्यात उरका. टूर संपवून ती गाडीत बसली की दशम्यांचा डबा तिच्या हातात द्या आणि कोणीही, आजींनीसुद्धा, "कसे वाटले?" असे विचारू नका. ती चाळीस मैलांनी बोलेल किंवा दुसऱ्या दिवशी बोलेल. तोवर तिने फोनवर चार ओळी लिहून ठेवल्या तर तिलाच बरे पडेल, कारण 'आमचेच कॉलेज का?' असा निबंध पुष्कळ ठिकाणी मागतात आणि त्यात संकेतस्थळावरची वाक्ये चालत नाहीत.

इतके करूनही ती या महिन्यात नाहीच म्हणाली, तर रटगर्सची एक सकाळ तेवढी मागून घ्या आणि बाकीचे आरक्षण रद्द करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी आपल्या राज्यातील शाळांना गुरुवार-शुक्रवार सुटी असते, आणि न्यू जर्सीतली निम्मी बारावी त्या दोन दिवसांत कॉलेजे बघत हिंडत असते. अर्ली डिसिजनची मुदत तोवर उलटून जाईल, पण नेहमीच्या अर्जांना पुष्कळ ठिकाणी जानेवारीपर्यंत वेळ असतो, कॅम्पस भरलेले असते, आणि तोपर्यंत तिच्या मैत्रिणी कोठे कोठे अर्ज करत आहेत हे ऐकून कदाचित तीच तुम्हाला विचारील, गाडी कधी काढायची म्हणून.